घेताना शीग, देताना सपाट: सहावीच्या वर्गात चिपटं-मापट्यानं शिकवलेले अपूर्णांक

‘१/४ मोठा की १/८?’ असं सहावीत विचारलं की बरीच मुलं बेधडक १/८ म्हणतात. आठ चारापेक्षा मोठे, मग झालं. हीच मुलं ३/४ + १/८ ही बेरीज लसावि काढून बिनचूक सोडवतात, हे त्यातलं खरं दुखणं. रीत हाताला बसलेली असते, पण ती कशाची रीत आहे ते डोळ्यांसमोर नसतं. भाकरीचे तुकडे, कागदाच्या घड्या, रंगवलेल्या पट्ट्या हे सगळे उपाय आम्ही सगळेच करतो. त्यांनी पाव आणि अर्धा समजतो. आठव्या-सोळाव्या हिश्श्यापाशी भाकरीचा चुरा होतो आणि मुलं पुन्हा लसाविकडे वळतात.

हे प्रकरण सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारीच्या पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतलं आहे. वर्ग माझाच. अपूर्णांकांची तुलना चालू असताना एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आमची आजी दळण चिपट्यानं काढती. दोन चिपट्याचं मापटं.’ तिला १/४ आणि १/८ यांत गोंधळ होता, पण धान्य मोजायच्या जुन्या मापांतलं चिपटं मोठं की कोळवं, यात अजिबात नव्हता. मी धडा तिथंच थांबवला आणि ज्याच्या घरी जुनं माप असेल त्यानं ते विचारून आणावं, असं सांगितलं.

कोष्टक आणि माप

जुनं कोष्टक घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही तोंडपाठ असतं. दोन नेळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अडशेरी, दोन अडशेऱ्या म्हणजे एक पायली. त्यापुढे मण आणि खंडी. किती पायल्यांचा मण याचं उत्तर गावागणिक बदलतं, कुठे बारा तर कुठे सोळा. पण पायलीपर्यंतची उतरंड एकाच हिशेबानं चालते: दर पायरीला दुप्पट. शेराला एक धरलं तर मापटं १/२, चिपटं १/४, कोळवं १/८ आणि नेळवं १/१६.

वर्गात पत्र्याची एक पायली आली, शेर आला, दोन मापटी, तीन चिपटी आणि कडेला चेपलेलं एक कोळवं. नेळवं कुणाकडेच निघालं नाही, म्हणून ते आम्ही तयार केलं. शीतपेयाच्या दोन एकसारख्या बाटल्यांचे बूड कापले, कोळवंभर ज्वारी दोन्हींत थोडी थोडी ओतत दोन्हीकडची पातळी जुळवली आणि तिथं खूण करून वरचा भाग छाटला. अर्ध करायला ना पट्टी लागली ना आकडा. समोरासमोर धरलेली दोन भांडी सारखी दिसली की अर्ध झालं. मुलांना आकड्याशिवाय अर्ध करता येतं याचंच नवल वाटलं. मला मात्र ही सगळी मापपद्धत अशीच वाढली असावी असं तेव्हा वाटून गेलं.

पहिला खेळ साधा होता. पायली रिकामी ठेवायची आणि तिच्याहून लहान प्रत्येक माप तिच्यात एकेकदाच सपाट भरून ओतायचं. अडशेरी नव्हती, तिच्याऐवजी शेर दोनदा. मग शेर, मापटं, चिपटं, कोळवं, नेळवं. ओतण्याआधी अंदाज घेतला. पायली भरून सांडणार असं बहुतेकांचं म्हणणं होतं. ज्वारी काठापाशी आली आणि थांबली. थोडं अंतर राहिलं. ‘अजून एक नेळवं टाका,’ मागून कुणीतरी ओरडलं. टाकलं आणि पायली काठोकाठ झाली.

फळ्यावर ते असं आलं: १/२ + १/४ + १/८ + १/१६ + १/३२ + १/६४ = ६३/६४. छेद ६४ असलेली सहा अपूर्णांकांची बेरीज सहावीत कुणी देत नाही. दिलीच असती तर ती शिक्षा वाटली असती. इथे उत्तर आधीच हातात होतं, एका नेळव्यानं कमी पडलेली पायली. लसावि नंतर आला तो ताळा करायला.

प्रत्येक मापाला एकच वाट

दुसरा खेळ मुलांनीच काढला. प्रत्येक माप एकदाच वापरायचं, तर किती किती कोळवी मोजता येतात? कोळवं १, चिपटं २, मापटं ४, शेर ८. अकरा कोळवी हवीत तर शेर, चिपटं आणि कोळवं. सात हवीत तर मापटं, चिपटं, कोळवं. वहीत रकाने पाडून ‘घेतलं’ला बरोबरची आणि ‘नाही घेतलं’ला फुलीची खूण करायची असं ठरलं. पंधरापर्यंत एकही संख्या अडली नाही.

एका मुलाला शंका आली, अकरा दुसऱ्या तऱ्हेनं जमेल का? वर्ग कामाला लागला आणि जमेना. मग कारण शोधणं आलं. मला अपेक्षित नव्हतं, पण ते त्या ६३/६४ मधूनच निघालं. शेर घेतलाच नाही तर खालची सगळी मापं मिळूनही शेराला एक कोळवं कमीच पडतं, म्हणजे सातच. अकराला ती पुरणार कशी? म्हणून शेर घ्यावाच लागतो. उरले तीन, तिथे पुन्हा हाच न्याय. ही बोलभाषेतली सिद्धता आहे आणि ती पक्की आहे. वरच्या वर्गात हीच मुलं द्विमान संख्या, म्हणजे फक्त ० आणि १ नं लिहिलेल्या संख्या, पाहतील तेव्हा १०११ म्हणजे शेर, मापटं नाही, चिपटं, कोळवं, हे त्यांना वेगळं सांगावं लागू नये.

बेरजेतही हीच गंमत. ५/८ आणि ३/८ शेर एकत्र करताना दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, असा हातचा वर चढत जातो. मुलांना दहाचा हातचा ठाऊक होता, दोनाचा आता दिसला.

इथे एक सांगायला हवं. हा प्रयोग ऐकल्यावर आमच्यातल्याच काहींनी लगेच ‘म्हणजे आपल्या पूर्वजांना संगणकाचं गणित येत होतं’ असा निष्कर्ष काढला. मला तो पटत नाही. पिंगलाच्या छंदःशास्त्रात, म्हणजे संस्कृत वृत्तांवरच्या प्राचीन ग्रंथात, लघु-गुरूंच्या रचना पद्धतशीर मांडायची आणि मोजायची रीत आहे, तिथे कुणीतरी विचारपूर्वक गणित केलेलं आहे. चिपटं-मापटं ही निराळी गोष्ट आहे. धान्य भांड्यानं मोजणारा माणूस अर्ध्याचं अर्ध करत जातो, कारण तेच सर्वांत सोपं. प्राचीन इजिप्तमध्ये हेकट या धान्याच्या मापाचे १/२ पासून १/६४ पर्यंत असेच निम्मे-निम्मे भाग लिहीत. इंग्लंडात दोन पाइंटांचा क्वार्ट होता. शिकवणाऱ्याला फुशारकीपेक्षा हे जास्त उपयोगी आहे, कारण ‘हे सगळीकडे असंच का झालं असेल?’ हा प्रश्न वर्गात विचारता येतो.

तीन भावांची वाटणी

मापांची मर्यादाही मुलांनीच गाठली. एक शेर ज्वारी तीन भावांत सारखी वाटायची कशी? प्रत्येकाला चिपटं दिलं, एक चिपटं उरलं. चिपट्यात चार नेळवी, प्रत्येकाला एक दिलं, पुन्हा एक नेळवं उरलं. नेळव्याहून लहान माप असतं तर त्यातही हेच झालं असतं. जे हाती राहतं त्याचा चौथा भाग नेहमी उरणारच. १/४ + १/१६ + १/६४… ही १/३ कडे सरकत जाणारी बेरीज मुलं ओट्यावर बसून करत होती आणि ती अनंत श्रेणी आहे हे मी त्या दिवशी सांगितलंही नाही. ‘संपतच न्हाई ओ बाई’ एवढं त्यांना कळलं होतं, ते पुरे होतं.

त्या मुलीच्या आजीला हाच प्रश्न विचारला तेव्हा तिनं क्षणाचाही विचार केला नाही. ‘उरलेलं नेळवं कोंबड्यास्नी टाकायचं. त्यावरनं भावाभावात भांडण लावता का?’

आजी वर्गात येते

आजीला बोलावलं होतं ते मोजून दाखवायला. तिनं पोतं पुढ्यात ओढलं, शेर ज्वारीत खुपसला आणि वर काढला तो वर टोकदार ढीग, म्हणजे शीग, घेऊनच. पहिलं माप टाकताना ती ‘एक’ म्हणाली नाही, ‘लाभ’ म्हणाली, मग दोन, तीन, चार. धान्य मोजताना पहिल्या मापाला लाभ म्हणायचं ही रीत मुलांतल्या काहींना खळ्यावरून माहीत होती, बाकीच्यांना नवी होती. एकानं विचारलंही, ‘लाभ म्हणजे शून्य का?’

आम्ही इतके दिवस मापं सपाट भरत होतो, काठावरून पट्टी फिरवून. आजीला ते बघवलं नाही. ‘सपाट माप कुणी भरतं व्हय बाई? माप म्हंजी शीग.’

मग आम्ही सगळं शिगेनं करून पाहिलं आणि तोवर चोख बसणारं कोष्टक बिघडलं. शिगेची दोन चिपटी मापट्यात ओतली तर मापटं शिगेला पोहोचेना. तेच मापटं आणि वेगळ्या घरचं चिपटं घेतलं तर मात्र जवळजवळ जमलं. मुलांचं पहिलं मत, पहिलं चिपटं खोटं आहे. पण सपाट भरून तपासलं तर ती दोन्ही चिपटी सारखीच होती. मग फरक आला कुठून?

पट्टी घेऊन मापं मोजली. मापट्याची त्रिज्या सुमारे ५ सेंटिमीटर, उंची ७. ते ‘खोटं’ चिपटं अरुंद आणि उंच, त्रिज्या ३ आणि उंची पावणेदहाच्या आसपास. जमणारं चिपटं बुटकं, त्रिज्या ४ आणि उंची साडेपाच. ज्वारीची शीग कुठल्याही मापावर सारख्याच उताराची बसते. आमच्या ज्वारीत ढिगाची उंची त्रिज्येच्या साधारण निम्मी भरली. म्हणजे शीग किती, हे भांड्यात किती मावतं यावर नव्हे, तर तोंड किती रुंद यावर ठरतं. बाजरीची शीग बसकी, शेंगांची उभी, हेही मुलांनी आपणहून करून पाहिलं.

शंकूचं घनफळ सहावीला नसतं, म्हणून मुलांनी शीग खरवडून विज्ञानपेटीतल्या मोजपात्रात मोजली. सूत्रानं मी मांडलेला हिशेबही जवळपास तोच आला. मापट्याच्या सपाट भरण्यात ५५० मिलिलिटर, वरची शीग ६५. अरुंद चिपट्यात २७४ आणि शीग अवघी १४. शिगेची दोन चिपटी म्हणजे ५७७ मिलिलिटर, शिगेचं मापटं ६१५. फरक ३८ चा. हे किरकोळ वाटतं, म्हणून पुढे मोजायला लावलं. मापट्यानं घेऊन अरुंद चिपट्यांनी परत दिलं तर दर सोळा मापट्यांमागे एक अख्खं शिगेचं मापटं आपल्याकडे राहतं. सोळा मापटी म्हणजे फक्त दोन पायल्या.

बुटक्या चिपट्याचं गणित का जमतं, हे जरा खोल आहे. ते मापट्याचीच लहान प्रतिकृती आहे, उंची आणि रुंदी एकाच प्रमाणात घटवलेली. आकार तोच राहिला की भांडं आणि शीग दोन्ही सारख्याच पटीत कमी होतात, म्हणून निम्म्याची निम्मी शीग. आमची पायलीही तशीच निघाली, त्रिज्या १० आणि उंची १४ च्या आसपास, मापट्याच्या दोन्ही बाजूंनी दुप्पट. आणि पायलीत मापटी किती? आठ. लांबी दुप्पट केली की घनफळ आठपट होतं, हे मुलं फळ्यावरून वाचत आलेली होती. इथे ती पायलीत मापटं उपडं करून मोजत होती.

मापात पाप

आजी हे सगळं ऐकत होती. शीग जास्त-कमी होते याचं तिला काहीच नवल नव्हतं. ती म्हणाली, ‘आमी मागाया गेलो की माप सपाट. फेडाया गेलो की शीग. बाहत्तर सालच्या दुष्काळात असंच फेडलं.’

१९७२ चा दुष्काळ पुस्तकात रोजगार हमीच्या मागची पार्श्वभूमी म्हणून येतो. वर्गात तो एका उदाहरणात आला. अडचणीत धान्य उसनं न्यायचं आणि सुगीला वाढीदिढीनं, म्हणजे दीडपटीनं, परत करायचं ही रीत मुलांनी घरी ऐकलेली होती. आम्ही मांडलं: दोन सपाट पायल्या नेल्या, तीन शिगेच्या पायल्या फेडल्या. सपाट पायलीला १०० भाग धरले तर नेले २००. पायलीची शीग साधारण १२ भागांची, म्हणून फेडले ३३६. बोलीत व्याज पन्नास टक्के, प्रत्यक्षात अडुसष्ट. वरचे अठरा टक्के कुठल्याच कागदावर नाहीत, ते शिगेत आहेत.

या तासाला वर्ग जितका गप्प आणि जितका तापलेला होता तसा मी एरवी पाहिलेला नाही. गावातल्या शाळेत देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची नातवंडं एकाच बाकावर असतात, म्हणून कोणाचं घर, कोण सावकार, ही चर्चा मी होऊ दिली नाही. बलुत्याचं, सालगड्याच्या धान्याचं माप कोणाच्या हातात असायचं एवढंच विचारलं. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या मते या प्रकरणाचं शैक्षणिक मोल इथे आहे. कोष्टक पाठ करून घेणं शाळेनं पूर्वीही केलं होतं, माझ्या आजोबांच्या पिढीनं ते छड्या खाऊन केलं. कोष्टकात दोन चिपटी म्हणजे एक मापटं, विषय संपला. खळ्यावर तो संपत नाही. भांड्याचं तोंड, भरणाऱ्याचा हात, घेणारा कोण आणि देणारा कोण, यावरून तिथे वाद होतो आणि त्या वादात आकार, प्रमाण, शेकडेवारी, सगळं सापडतं. परंपरेतलं गणित शिकवताना आपण ही भांडणं निपटून काढतो, स्वच्छ कोष्टक मुलांपुढे ठेवतो, आणि मग मुलांना रस का वाटत नाही म्हणून विचार करत बसतो.

काय जमलं, काय नाही

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि आनालूसिया श्लीमान यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. विक्री करताना मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले तेव्हा ३७ टक्के. शिक्षक-प्रशिक्षणात हे उदाहरण हमखास येतं आणि त्यावरून ‘मुलांच्या संस्कृतीतून शिकवा’ असं सांगितलं जातं.

आमच्या वर्गाला ते सरळ लागू होत नाही. ती मुलं रोज स्वतः विकत होती. आमच्या मुलांच्या रोजच्या हिशेबात किलो आहे, दहा रुपयांचा पुडा आहे, मोबाइलचा रिचार्ज आहे. चिपटं त्यांच्या आजीचं आहे, त्यांचं नाही. व्यापारात तर ते आता कायद्यानंच चालत नाही. १९५८ पासून मेट्रिक वजनं-मापं टप्प्याटप्प्यानं आली, आणि बाजारात पायलीनं विकणं आज वैधमापन कायद्याखाली बेकायदेशीर आहे. म्हणून ‘तुमच्याच घरातलं गणित’ असा सूर मी लावला नाही. ही एक जुनी, नीट बांधलेली वस्तू आहे, ती उघडून बघू, इतकाच तो मामला होता.

१/४ आणि १/८ चा गोंधळ मात्र गेला. अडलेलं मूल आता ‘चिपटं का कोळवं?’ असं पुटपुटतं आणि उत्तर देतं. छेद दोन, चार, आठ, सोळा असतील तिथे तुलना आणि बेरीज डोळ्यांसमोर उभी राहते. २/५ आणि ३/७ मध्ये मोठा कोण, हे मुलं आजही लसावि काढूनच सांगतात, कारण पाच आणि सात या मापांना ठाऊकच नाहीत. दशांश अपूर्णांकांना तर याचा काडीचाही उपयोग झाला नाही. उलट ०.५ च्या पुढे ०.२५ येतो, मग ०.१२५, हे पाहून ‘चांगलं सोपं होतं, हे कशाला काढलं?’ अशी तक्रार आली. लिटरची मापं दहाच्या पटीत का केली असतील, हा तास त्या तक्रारीतून घ्यावा लागला.

नववीला शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी आमच्या वहीतली मापं शंकूच्या घनफळाला वापरली. शीग भागिले सपाट म्हणजे त्रिज्या भागिले उंचीच्या सहापट, असं सूत्र त्यांच्या मुलांनी बसवलं आणि उलटा प्रश्न काढला: शीग सपाट मापाच्या निम्मी यायची असेल तर भांडं कसं हवं? त्रिज्या उंचीच्या तिप्पट आली. सहावीतल्या एकाला ते दारातून ऐकू गेलं. ‘मग ती परातच की सर,’ तो म्हणाला, ‘परातीनं फेडाया लावायचं व्हतं त्यांनी.’